तिन्हीकडे ४.२

नवतप्याचे दिवस, मेअखेरचं कडक ऊन. वरुडकडच्या एका संत्र्याच्या वावरातून दुपारी फोन आला, "भाऊ, मोटर जयली म्हनते. भरायले किती दिवस लागतीन?" मोटर भरणं, म्हणजे जळालेली कॉइल काढून नवी तांब्याची तार गुंडाळणं, हाच माझा धंदा, पण आंबिया बहाराची फळं झाडावर असताना चार दिवस पाणी बंद म्हणजे काय, हे मला माहीत आहे. म्हटलं, हात लावू नका, आधी पाहतो.

विहिरीवर पाच एचपीची थ्री-फेज मोनोब्लॉक, मोटर आणि पंप एकाच बॉडीत. वॉर्निशचा वास आला म्हणून त्यांनी बंद केली होती, आणि ‘रेझिस्टन्स वाढला, कॉइल गेली’ असं कुणीतरी सांगून गेलं होतं. मी पोचलो तेव्हा मोटर नुकतीच पुन्हा चालवून पाहिलेली, बॉडीला हात लागत नव्हता. मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवल्यावर दिसणारे ०.२ वजा करून, तीन टोकांपैकी दोन-दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजला. ४.२ ओहम. दुसरी जोडी ४.२. तिसरीही ४.२.

तिथेच मला शंका आली. वेढे आपसात शॉर्ट झाले तर रेझिस्टन्स घटतो, आणि तिन्ही आकडे सारखे राहत नाहीत. तार तुटली तरी राहत नाहीत. तिन्ही एकसारखे वाढलेत, म्हणजे तांबं तापलंय. ही मोटर दिवाळीत मीच भरली होती. वहीत नोंद सापडली, ३० अंशांना ३ ओहम. तांब्याच्या तापमानात २३४.५ मिळवले की रेझिस्टन्स त्या बेरजेच्या प्रमाणात वाढतो. ३० अधिक २३४.५ म्हणजे २६४.५, गुणिले १.४ (४.२ भागिले ३), त्यातून २३४.५ वजा. जवळपास १३६ अंश! तारेवरच्या बी क्लास इन्सुलेशनची मर्यादा १३०.

इन्सुलेशन तपासायचा मेगर फक्त २ मेगओहम दाखवत होता, इन्सुलेशन गेलं असं वाटावं इतका कमी. इन्सुलेशनचं तांब्याच्या उलट असतं, तापलं की त्याचा रेझिस्टन्स पडतो, ढोबळमानाने दर १० अंशांना निम्मा. त्या आकड्यावर निकाल द्यायला मन धजेना.

मागचं झाकण काढलं. आत पाखराचं घरटं, वाळलं गवत ठासून भरलेलं, आणि पंख्याची दोन पाती तुटलेली. हवा जाणार कुठून?

"रातभर थांबा," मी म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. "फळं गळतीन ना भाऊ." मलाही नीट झोप लागली नाही.

सकाळी सहाला मोजलं. तिन्हीकडे ३. मेगरचा काटा १०० च्या पलीकडे. नवा पंखा बसवला, मोटर सुरू केली. दोन तासांनी बंद करून लगेच मोजलं तर ३.६, म्हणजे ८३ अंश. सांगायला वळलो, तर ते शेवटच्या ओळीतल्या आळ्यांत पाणी पोचलं का, ते पाहायला गेले होते.