सी हॉक, १/७२ : नाकात गोदावरीचं शिसं

सी हॉक हे ब्रिटिश बनावटीचं नौदलाचं जेट, त्याचं खऱ्याच्या एक बहात्तरांश मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल मी जोडतोय. मागच्या नोंदीत धडाचे दोन्ही अर्धे चिकटवून झाले होते आणि मी मोठ्या शहाणपणानं लिहिलं होतं, 'आता फक्त रंगकाम राहिलं.' ते वाक्य मागे घेतो.

चाकं नुसती खोचून विमान टेबलावर ठेवलं, तर ते दमलेल्या म्हाताऱ्यानं बाजेवर टेकावं तसं हळूच शेपटीवर बसलं. नाकात वजन टाकायचं विसरलो होतो. नाकाखाली चाक असलेलं जेट म्हटलं की वजन लागतंच, हे सांगायला सूचनापत्रिका कशाला पाहिजे? माझं हे काही पहिलं मॉडेल नाही.

लाज जास्त ह्याची वाटली, की खऱ्या सी हॉकची सगळी हुशारी तोलातच आहे. सुट्टीला सेलूहून आलेल्या भाच्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "मामा, ह्याला मागं नळीच नाही. मग धूर निघतो कुठून?" पोरानं नेमकं बोट ठेवलं. नीन इंजिन धडाच्या मध्यावर, आणि त्याची नळी मागे शेपटीपर्यंत न नेता दोन फाटे करून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर काढलेली. नळी आखूड झाली, शिवाय मागचं धड इंधनाला मोकळं मिळालं. इंजिनाच्या पुढेही टाकी, मागेही टाकी, त्यामुळे इंधन जळत गेलं तरी तोल फारसा ढळत नाही. १९४७ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा उडालेल्या हॉकर कंपनीच्या पी १०४० वर, म्हणजे सी हॉकच्या मूळ नमुन्यावर, ही रचना होती. पंख मात्र सरळच, मागे झुकवलेले नाहीत. त्या काळात नौदलांची घाई वेगापेक्षा हळू उतरता येण्याची होती. माझ्या प्लॅस्टिकच्या विमानात ना इंजिन ना इंधन, म्हणून ते बसलं.

आता बंद नाकात वजन घालायचं कसं? पुढच्या चाकाच्या खाचेतून ४ मिमीचं भोक पाडलं. शिसं शोधत नदीकाठी गेलो, तर मासे धरणाऱ्या एका काकांनी जाळ्याचे जुने शिशाचे मणी मूठभर दिले, पैसे घेतले नाहीत. ठोकून बारीक केलेले तुकडे चिमट्यानं एकेक करून आत सोडले. नऊ ग्रॅमला विमान तीन चाकांवर उभं राहिलं, सावधगिरी म्हणून अकरा केले. (शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा. भाच्याला त्या कामाला बसवलं नाही.)

ते तुकडे आत खुळखुळू नयेत म्हणून भोकातून फेविक्विक ओतलं, आणि इथं खरी माती खाल्ली. नाक आणि कॉकपिट ह्यांच्यामध्ये फट होती. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, मी आधीच चिकटवून बसलो होतो. सकाळी पाहतो तर काच आतून पांढरी, हिवाळ्यात बसच्या खिडकीवर धुकं धरावं तशी. फेविक्विकची वाफ अशीच बसते. मग ब्लेडच्या टोकानं कॅनॉपी उचकटली (एक कोपरा टवकला, तो आता कायमचा), कापसाच्या काडीला टूथपेस्ट लावून आतून अर्धा तास घासली, धुतली आणि क्लिअर वार्निशमध्ये बुडवून वाटीखाली झाकून वाळवली. नव्वद टक्के निवळली. ह्यापुढे नाकातलं वजन इपॉक्सीनं, हे भिंतीवर लिहून ठेवलंय.

पंखाच्या मुळाशी असलेल्या त्या दोन तोंडांची सांधणी हीच ह्या मॉडेलची खरी परीक्षा. तिथं पुट्टी भरून सपाट घासली की तोंडाची कड बोथट होते, आणि कड बोथट झाली की सी हॉकचा चेहराच गेला. ८०० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून, पाणी लावत, आतल्या बाजूनं बाहेर असा ओढला. डावं चांगलं जमलं. उजवं बघायचं असेल तर जरा लांबून बघा.

रंग ब्रिटिश पद्धतीचाच, आपल्या जुन्या विमानवाहू जहाजावरच्या, विक्रांतवरच्या विमानांचा होता तसा : वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे (गडद करडा), खालून स्काय (फिकट हिरवट). दुपारी बेचाळीस अंशात ॲक्रिलिक एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतं, पृष्ठभागावर भुकटी पडते. पहाटे साडेपाचला फवारायला बसलो, रंग हळू वाळावा म्हणून थोडा रिटार्डर घातला, तेव्हा कुठं गुळगुळीत आलं. तेवढ्यात लाईट गेली तो भाग सोडून देतो.

डेकल्सचं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचं, सांगायला पाहिजे. किटात भारतीय खुणा नव्हत्या, म्हणून आपले तिरंगी गोल लेझर प्रिंटरनं डेकल-पेपरवर काढून घेतले. लेझर प्रिंटर पांढरा छापत नाही. गडद करड्यावर चिकटवल्यावर पांढरी कडी करडी, आणि केशरी तर गुळाच्या पाकासारखा. उपाय : कंपासच्या टोकाला ब्लेडचा तुकडा बांधून मास्किंग टेपमध्ये गोल कापला, आधी पांढरा रंग मारला आणि त्यावर डेकल बसवलं. बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. इथल्या जड पाण्याचे पांढरे डाग डेकलखाली अडकतात आणि दोन दिवसांनी वर दिसायला लागतात. आरओचं पाणी घ्या.

हे विमान भारतीय नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनचं, व्हाइट टायगर्सचं दाखवतोय, १९७१ चं. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले, त्यामुळे जहाजाला वेग कमी. डेकवर समोरून वारा जितका कमी तितकं विमान उडवणं अवघड, तरी ४ डिसेंबरला वाफेच्या कॅटापल्टवरून (विमान पुढे भिरकावणाऱ्या यंत्रावरून) सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्सबझारवर हल्ल्याला गेली. म्हणून मॉडेलखाली ठेवायला डेकचा तुकडा बनवताना त्यात कॅटापल्टची खाच करणारच. पंख मिटवून दाखवायचा मोह होता, पण बिजागऱ्या स्वतः घडवायच्या तर दिवाळी उजाडेल. प्रत्यक्ष बघायचं असेल तर गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. पंखाच्या मुळाचे माझे निम्मे फोटो तिथलेच.

आता वेदरिंग, म्हणजे विमान वापरलेलं, मळलेलं दाखवणं. थोडंच करणार, तेलाचे ओघळ तेवढे पोटाखाली.

पुढचं किट ठरलंय : सी व्हॅम्पायर, तेही ब्रिटिश नौदलाचं जेट. ३ डिसेंबर १९४५ ला ब्रिटिश चाचणी वैमानिक एरिक ब्राउन ह्यांनी एचएमएस ओशन ह्या विमानवाहू जहाजावर उतरवलेलं नव्हे, ते सगळेच करतात. मला १९४८ चं एचएमएस वॉरियरवरचं करायचंय, जिथं चाकं बाहेर न काढता रबराच्या डेकवर विमान पोटावर उतरवून पाहिलं होतं. डेकसाठी सायकलची जुनी ट्यूब कापून ठेवलीय. आणि चाकंच बाहेर नाहीत म्हटल्यावर नाकात वजन नको.