तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या रिव्हॉल्व्हरला एवढा भाव का?

"काका, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवंकोरं रिव्हॉल्व्हर मिळत असताना साठ वर्षांच्या विलायती तुकड्याला लोक त्याच्या कितीतरी पट पैसे का मोजतात? असतं काय एवढं त्यात?"

हा प्रश्न मला सतत येतो. विचारणारा बहुतेक वेळा परवानाधारक वडिलांचा मुलगा असतो. वडील सत्तरी ओलांडलेले किंवा गेलेले, परवान्यावर एक अमेरिकी स्मिथ अँड वेसन किंवा इंग्रजी वेब्ली, आणि घरात चर्चा चाललेली की वारस म्हणून अर्ज करून ठेवायचं की विकून मोकळं व्हायचं. मी शस्त्रविक्रेता नाही. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत शिकलो, पुढे वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये केस पांढरे केले, आणि वडिलांकडून आलेलं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) स्मिथ माझ्या परवान्यावर आहे. एवढ्या भांडवलावर ठाण्यात माणूस जाणकार ठरतो.

आधी भावाचं सांगतो, ते लवकर उरकतं. १९८६ च्या सुमारास सरकारने खासगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात बंद केली. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत राहिली, बाकीच्यांना दार बंद. त्याआधी जी स्मिथ, कोल्ट, वेब्ली देशात येऊन परवान्यांवर चढली तेवढाच साठा. त्यात भर पडत नाही. गंजून, हरवून, सरकारजमा होऊन घट मात्र होते. वरून बोअरची अट. .३८ आणि .४५५ आपल्याकडे प्रतिबंधित, त्यामुळे साध्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर म्हटलं की मुख्यतः .३२. अमेरिकेत जुन्या .३२ ला फारसं कोणी विचारत नाही, काहीशे डॉलरमध्ये बरं मिळून जातं. तीच वस्तू इथे लाखांत जाते. नौपाड्यातल्या पागडीच्या खोलीसारखं आहे हे. भाव भिंतींना नसतो, तशी दुसरी खोली आता कोणी देणार नाही याला असतो.

म्हणून भाव ऐकून हुरळून जाऊ नका असं मी आधीच सांगून टाकतो. त्याच भावात नळी खाल्लेली, सिलिंडर (काडतुसांची फिरती घरं) डुगडुगणारी रिव्हॉल्व्हरंही खपतात, कारण घेणारा नाव वाचतो आणि यंत्र बघत नाही. माझं सगळं म्हणणं या यंत्राबद्दल आहे.

चापाच्या एकाच ओढीत घोडाही (मागून ठोका देणारा भाग) उठावा आणि सिलिंडरही फिरावा, हे यंत्र लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ मध्ये पेटंट केलं. त्याच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढता येत नसे. १८५५ मध्ये ब्यूमाँट नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ती सोय केली आणि दोन्ही तऱ्हा एका यंत्रात आल्या. घाई असेल तर नुसता चाप ओढा, नेम धरायला सवड असेल तर आधी घोडा मागे घ्या. १८८९ मध्ये कोल्टने बाजूला उघडणारा सिलिंडर आणला, १८९६ मध्ये स्मिथ अँड वेसनने तो .३२ मध्ये आणला आणि सोबत नवं काडतूस, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. आपल्या परवान्यांवर आजही तेच चालतं. म्हातारं म्हणून त्याला हिणवणाऱ्यांना मी सांगतो, पंचवीस मीटर सेंटर फायर स्पर्धेत बहुतेक नेमबाजांची पिस्तुलं याच काडतुसाची असतात, आणि त्याच प्रकारात जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं.

एका परवानाधारक कारागिराच्या टेबलावर जुनं स्मिथ उघडताना मी पाहिलंय. (घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. शस्त्राच्या दुरुस्तीलाही कायद्याने वेगळा परवाना लागतो.) १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या रिव्हॉल्व्हरांना पाच स्क्रू असत, चार उजव्या बाजूच्या झाकणपट्टीला आणि पाचवा चापाच्या कडीपुढे. पुढे कंपनीने एकेक कमी केला, म्हणून जाणकार आधी स्क्रू मोजतात. तर त्या माणसाने स्क्रू काढले, पण पट्टी उचकटली नाही. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दस्त्याच्या चौकटीवर हलकी टकटक केली, आणि पट्टी आपणहून वर आली. तोवर तिची सांध कुठे आहे हे मला चष्मा लावूनही धड दिसलं नव्हतं. मी डाय आणि पंच फिट केलेत. दोन पोलादी तुकडे असे बसवायचे म्हणजे ब्ल्यू (खुणेचा निळा रंग) लावा, जोडून बघा, डाग पडेल तिथे कानस फिरवा, एखादा थाउ (इंचाचा हजारावा भाग) काढा, परत जोडा. संध्याकाळपर्यंत मान धरते. हे काम त्या काळी कारखान्यात माणसं रोज करत होती, आणि तेही पोलिसांच्या कमरेला लटकवून झिजवायच्या मालावर.

मग उघड्या यंत्रावर त्याने चाप सावकाश ओढला. आधी खालची खिट्टी सिलिंडरच्या खाचेतून सुटली. मग एक उभी लहान पट्टी, जिला हे लोक हँड म्हणतात, वर सरकून सिलिंडरच्या मागच्या दातऱ्याला ढकलायला लागली. तोवर घोडा अर्ध्यावर आला होता. खिट्टी पुढच्या खाचेत टक्कन बसली, आणि त्यानंतर जेमतेम केसभर अंतराने घोडा सुटला. एकाच बोटाच्या जोरावर इतकी कामं, प्रत्येक आपल्या पाळीला. अशी ओढ साडेचार-पाच किलोची असते, घोडा आधी मागे घेतला तर दीड किलोच्या आसपास. पण चांगल्या जुन्या स्मिथमध्ये ते पाच किलो बोटाला टोचत नाहीत, कारण वाटेत कुठे अडखळ नसते. ज्याने एकदा अशी ओढ अनुभवली तो जुन्याच्या मागे का लागतो हे मग सांगावं लागत नाही.

नवं वाईट असतं असं मात्र मी म्हणणार नाही. १९९० च्या दशकापासून अमेरिकेत आतले बरेच भाग साच्यात धातूची भुकटी दाबून आणि भाजून बनवायला लागले. टूलरूमवाला म्हणून सांगतो, मापाला ते जास्त एकसारखे निघतात, आणि त्यांना फिटर कमी लागतो. पोलादही आताचं चांगलं. आपल्याकडे तर प्रश्नच वेगळा आहे. कानपूरचं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन पाचशे ग्रॅम, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास. वेब्लीचं नाव लावलेली .३२ ची रिव्हॉल्व्हरंही आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात संडीला इथे बनतात. ज्याला खरोखर संरक्षणापुरतं हवंय आणि यंत्राशी काही देणंघेणं नाही, त्याने सरळ नवं घ्यावं.

जुन्यातही सगळं सोनं नाही. कोल्टचं नाव मोठं, आणि चाप पूर्ण ओढलेला असताना त्याचा सिलिंडर असा घट्ट बसतो की हलवू म्हणता हलत नाही. पण ती घट्टी हँडच्या टोकावर पेललेली असते, ते झिजलं की सिलिंडर जागेवर यायची वेळ चुकायला लागते, आणि जुनं कोल्ट नीट जुळवू शकेल असा कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. शिवाय त्याची ओढ शेवटाकडे जड होत जाते. कौतुक माझं कोल्टला, पण घ्यायचं तर स्मिथ. वेब्लीचा प्रकार तिसराच. बर्मिंगहॅमची ही रिव्हॉल्व्हरं मध्यातून मोडून उघडतात, आणि उघडताच टरफलं एकदम बाहेर पडतात. कानपूरच्या .३२ चा वंशही तिथलाच. साहेबाच्या काळातल्या फौजदाराच्या कमरेला असायचं ते हेच घराणं, त्यामुळे जुन्या पोलीस कुटुंबांचा त्याच्यावर जीव. बघायचं ते वरच्या कडीकडे. ती सैल झाली असेल तर नळी आणि चौकट बंद असतानाही किंचित लचकते, आणि तसं वेब्ली मी फुकट दिलं तरी चालवणार नाही.

एक गोष्ट वयाची. १९४४ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या जहाजावर एक भरलेलं स्मिथ डेकवर पडलं, उडालं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने घोडा अडवणारी पट्टी नव्याने केली. तेव्हा तुमच्या वडिलांचं स्मिथ त्याआधीचं असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुन्या लोकांची सवय तुम्हीही मोडू नका.

तपासायचं कसं, हे पुढचं विचारणं असतंच. दुकानात, विक्रेत्यासमोर, सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे दोघांनी डोळ्यांनी बघून मगच हात लावायचा. मी आधी स्क्रूंची डोकी बघतो. खाचा चेपलेल्या, कडा उडालेल्या असतील तर कोणीतरी आत हात घातलाय आणि त्याच्याकडे नीट स्क्रूड्रायव्हरही नव्हता. मग अक्षरं. नळीवरचं नाव पुसट, चौकटीच्या धारा गोलावलेल्या, स्क्रूभोवती खळगे, आणि वर नवी कोरी निळी झळाळी, असं असेल तर बफिंग करून पुन्हा ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) केलंय. घेणाऱ्याला ते चकाचक दिसतं, मला ते दिसलं की मी भाव अर्ध्यावर आणतो. प्रामाणिक झिजलेलं, कोपऱ्यांवर पांढरं पडलेलं जुनं ब्ल्यूइंग हजारपट बरं. मग घोडा अगदी सावकाश मागे घ्यायचा, एकेका घरावर: घोडा पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर अडकला पाहिजे. एखाद्याच घरावर उशीर होत असेल तर त्या दाताची झीज. मागे घेतलेला घोडा अंगठ्याने पुढे रेटला तर सुटता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाच-सहा थाउ भरली तर उत्तम, दहाच्या पुढे गेली तर बाजूने ठिणग्या आणि शिशाचे कण उडतात. आणि नळीत उजेड टाकून बघा. जुन्या काडतुसांच्या टोप्यांमधला क्षार नळी खायचा, आणि त्या काळी साफसफाई किती जण करत होते कोण जाणे.

आपल्याकडे यात खाडीची भर. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवलेलं रिव्हॉल्व्हर दोन पावसाळ्यांत म्यानाच्या आकाराचे तांबूस डाग घेऊन बाहेर येतं, काडतुसांवर हिरवट थर. चामडं ओल धरतं, म्हणून म्यान वेगळं ठेवायचं आणि रिव्हॉल्व्हर सुती कापडात, वर तेलाचा हात फक्त फिरवलेला. तेलात बुडवून ठेवणारेही असतात. त्यांचं आतून चिकट गोंद होतं, आणि मग ती सुरेख ओढ गूळ ढवळल्यागत लागते म्हणून मलाच ऐकवतात. निवडणूक आली की शस्त्र बहुतेकदा पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या. तेव्हा परत मिळाल्या दिवशी पुसून तेलाचा हात द्या, पुढच्या रविवारवर टाकू नका.

ठेवायचं ठरलं तर वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. ठाणे आणि नवी मुंबई शहरांत पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वडील हयात असतील आणि सत्तरीचे झाले असतील, किंवा शस्त्र त्यांच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर तेही वारसाचं नाव सुचवू शकतात, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे तुमच्याकडे आधीच दोन असतील तर प्रश्न तिथेच मिटला. विकायचं असेल तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि तुम्ही जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचं.

आणि भाव विचारायला माझ्याकडे येण्याआधी एक काम करून या. परवान्यावरचा नंबर आणि दस्त्याच्या तळाचा नंबर ताडून बघा. जुन्या स्मिथवर तोच नंबर सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि नळीच्या पोटाशीही असतो. सगळे जुळले तर यंत्र मूळचं आहे. नळीचा वेगळा निघाला तर नळी बदललेली, भाव उतरतो. पण परवान्यावरच कधीकाळी कोणा कारकुनाने आठाचा तीन केला असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या, भावाचं आपण नंतर बोलू.