थॉमसनची उघडमीट

नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका द्राक्ष बागायतदार काकांचं वेब पेज करत होतो. थॉमसन, सोनाका, शरद अशी जातींची नावं. नावावर टिचकी मारली की खाली माहिती उघडायची. काका म्हणाले, “अहो, हे एकदम अंगावर येतंय. दुकानाचं शटर कसं सरकतं, तसं करा की.”

चूक माझीच. मी सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) डिस्प्ले नन (लपव) आणि ब्लॉक (दाखव) एवढंच अदलाबदल करत होतो. त्यात मधली पायरीच नाही. मग उंची शून्यावरून ऑटोवर (मजकुराला लागेल तेवढी) न्यायला ट्रान्झिशन, म्हणजे हळूहळू होणारा बदल, लावलं. ढिम्म! ब्राउझरला दोन्हीकडे आकडा लागतो, आणि ऑटो हा आकडा नव्हेच. पूर्वी जेक्वेरी या तयार कोडच्या लायब्ररीचं स्लाइडटॉगल (सरकवून उघडमीट) टाकलं की ४०० मिलिसेकंदांत काम फत्ते व्हायचं. पण एवढ्यासाठी आख्खी लायब्ररी?

शेवटी ग्रिड, म्हणजे सीएसएसची आडव्या-उभ्या ओळींची मांडणी, कामी आला. ग्रिड-टेम्प्लेट-रोज (ओळीची उंची) ०एफआरवरून १एफआरवर (एफआर म्हणजे जागेचा वाटा), आतल्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर येईल ते झाकायचं). सरकलं! फक्त मिटलेल्या भागातली फोनची लिंक कीबोर्डवरचं टॅब बटण दाबत गेलं की अजून सापडत होती. नुसती ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य केली तरी हेच होतं: भूत दिसत नाही, पण घरातच असतं. व्हिजिबिलिटी हिडन जोडली, तेव्हा ते गेलं.

सरकण्याची वेळ ६०० मिलिसेकंदांवरून २५०वर आणली. काकूंना हलत्या गोष्टींनी गरगरतं, म्हणून रिड्यूस्ड मोशनची अटही टाकली (ज्यांनी आपल्या यंत्रात हालचाल कमी ठेवलीय, त्यांना सरकणं नको).

काकांनी थॉमसन सात वेळा उघडलं, सात वेळा मिटलं. मग म्हणाले, “बरं, आता सोनाकाचा फोटो बदला.”