कोजागिरी सोडून अष्टमी धरली : कारवारच्या बेटांच्या सफरीची तयारी

पहिल्या आराखड्यात आम्ही दोन दिवसांत चार बेटे लिहिली होती : कुरुमगड, देवगड, अंजदीव आणि नकाशावर ज्याचे नाव कुणालाच नीट वाचता आले नाही असा एक खडक. खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी वीस वर्षे भूगोल शिकवतो; मतलई वारे आणि खारे वारे यांचा धडा मी इतक्या वेळा घेतला आहे की तो मला झोपेतही म्हणता येईल, पण त्या वाऱ्यांत लहान होडीत बसण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता. तो दसऱ्याच्या सुट्टीत आणायचा, आणि तोही कोजागिरीला, म्हणजे चांदण्यात होडीवर बसून मसाला दूध प्यायचे, असे आम्ही चौघांनी ठरवले. चौघे म्हणजे मी, निपाणीचा माझा आतेभाऊ, टिळकवाडीत गॅरेज चालवणारे आमचे शेजारी आणि कॉलेजात शिकणारा माझा भाचा. तरुण रवींद्रनाथ ठाकूर भावाकडे कारवारला राहिले असताना चांदण्या रात्री काळी नदीतून होडीने सदाशिवगडाकडे गेले होते, ही हकिगत मीच सर्वांना सांगितली होती आणि त्यामुळे कोजागिरीचा हट्टही माझाच होता.

बेळगावकरांना समुद्र म्हटला की आधी गोवा आठवतो. आम्ही कारवार निवडले, कारण तिथल्या उपसागराला आडोसा आहे. दक्षिणेकडचा डोंगर समुद्रात पुढे आलेला आहे आणि पश्चिमेला बेटांची रांग आहे. त्यामुळे नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांचा जोर आत पोहोचेपर्यंत पुष्कळ कमी होतो. शिवाय खानापूर, रामनगर, जोयडा असे करत अणशी घाट उतरला की ज्या काळी नदीच्या खोऱ्यातून आपण जातो तिच्याच मुखाशी होडी मिळते. सुपा धरण तिच्यावर, कद्राचे धरणही तिच्यावर. या धरणांचा आमच्या सफरीशी काही संबंध असेल, हे मात्र तोवर डोक्यात आले नव्हते.

सप्टेंबरच्या एका रविवारी मी आणि भाचा नुसती चौकशी करायला सदाशिवगडाच्या बाजूला गेलो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ऑगस्टात होड्या बाहेर पडू लागल्या तरी हौशी माणसांना नेण्याइतका समुद्र लगेच निवळत नाही. ओळखीतून ज्या तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या प्रमुख नाविकाकडे, गेलो होतो ते आपली फायबरची होडी उलटी करून तळ घासत होते. बेटांची यादी मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली नाही. ‘मास्तर, परत किती वाजता येणार, ते सांगा,’ असे ते म्हणाले. त्यांची बोली कोंकणी, आमची मराठी. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सरकत आमचे संभाषण चालले होते. मी संध्याकाळी चार-साडेचारची वेळ सांगितली आणि कोजागिरीचा दिवस सांगितला. त्यावर त्यांनी बादलीतल्या पाण्यात बोट बुडवले आणि होडीच्या तळावरच नदीचे मुख काढून दाखवले : इकडे गड आणि देवबाग, तिकडे कारवार, मध्ये पावसाळ्यात वाहून आलेल्या वाळूचा दांडा, आणि त्याला वळसा घालून जाणारी यंदाची वाट. ही वाट दर पावसाळ्यानंतर सरकते, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर जायचे नाही, हे सांगून ते रेघ समुद्रापर्यंत नेईतो गडाजवळचा तिचा भाग उन्हाने वाळूनही गेला होता.

कोजागिरीला संध्याकाळी चारला त्या वाटेने आत येणे का नको, हे मला घरी परतल्यावर, वही घेऊन बसल्यावर नीट समजले. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीचा पाऊणपट करावा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. तिचा पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा आहे. कारवारला भरती मुंबईच्या आधी, साधारण तासभर आधी येते, म्हणून सव्वादहा धरले. तिथून सहा तासांनी, म्हणजे सव्वाचारच्या सुमारास ओहोटी तळाला. याचा अर्थ दुपारभर नदी समुद्रात रिकामी होत असणार आणि नेमका त्याच वेळी वायव्येकडून खारा वारा जोर धरून आत येत असणार. वारा आत आणि पाणी बाहेर असे समोरासमोर आले की मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि आम्ही तर वाळूच्या दांड्यावर पाणी सर्वांत कमी असतानाच पोहोचणार होतो. त्यात पौर्णिमा म्हणजे उधाण, म्हणून ओहोटीचा ओढही मोठा. पावसाळ्याच्या शेवटी धरणे भरलेली असतात. कद्राहून पाणी सोडले तर त्या ओढात आणखी भर. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, कारवारला तो दोन मीटरांच्या आसपासच असतो, हे खरे. पण दांड्यावर पाणीच जेमतेम असेल तर तेवढा फरकही होडी रुतवायला पुरतो.

मग मी एकेक तिथी त्याच हिशेबात घालून पाहू लागलो आणि अष्टमीशी थांबलो. आठाचा पाऊणपट सहा, त्यातून तास वजा केला की पहाटे पाच. पाचला भरती संपते; सात वाजता निघावे तर ओहोटी आपल्याला बाहेर नेते आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वाराही पाठीशी असतो. अकराला पाणी तळाला जाते, तेव्हा आपण बेटावर असतो. त्यानंतर भरती सुरू होते, दुपारी खारा वारा उठतो, आणि परतताना दोन्ही पाठीमागून येतात. शिवाय अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, त्यामुळे पाण्याची ओढही कमी. एवढा सरळ हिशेब मला इतकी वर्षे फळ्यावर का मांडता आला नाही, याची थोडी लाजच वाटली. मात्र भांगाच्या दिवसांत पाणी या हिशेबापासून बरेच इकडे-तिकडे होते, म्हणून छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय यावर निघू नये. आम्ही ताडून पाहिले. आमच्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघाला आणि तो चालण्यासारखा होता.

कोजागिरी गेली म्हणून भाचा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. अश्विन वद्य अष्टमी आठवड्याच्या मधल्या वारी येत होती, त्यामुळे आतेभावाला रजा काढावी लागली, त्याची कुरकुर वेगळी.

अंजदीव तर पहिल्याच फेरीत यादीतून गेले. ते बेट नौदलाच्या कारवार येथील तळाच्या हद्दीत येते. हा तळ, आयएनएस कदंब, २००५ साली कार्यान्वित झाला आणि तिकडे खासगी होडी नेता येत नाही. मला हळहळ वाटली, कारण १६६२ साली मुंबईचा ताबा घ्यायला आलेले इंग्रज सैनिक पोर्तुगीज ताबा देईनात म्हणून याच बेटावर अडकून पडले आणि त्यांतले बहुतेक तिथेच आजारपणाने मेले, हे मी वर्गात रंगवून सांगत असतो. तांडेलांनी तर त्या दिशेला कॅमेराही धरू नका, असे बजावले. उरलेल्या परवानगीच्या कागदांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अर्ज कन्नडमध्ये होता, तो मी भरला. होडीची नोंदणी आणि विमा यांच्या प्रती जोडल्या. एका कार्यालयातून दुसऱ्यात आणि तिथून पुन्हा पहिल्यात अशा तीन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीत कळले की पहिल्या दिवशीचाच कागद पुरेसा होता.

जास्त वेळ गेला तो लाइफ जॅकेटांवर, आणि तो जावा असेच माझे मत आहे. तांडेलांकडे तीन होती, म्हणून आम्ही आणखी दोन स्वस्तात विकत घेतली आणि ती आमच्या शेतातल्या विहिरीत वापरून पाहिली. भाचा जॅकेट घालून पायऱ्यांवरून पाण्यात उतरला आणि सैल झाला, तसे जॅकेट वर सरकून थेट त्याच्या कानांपर्यंत आले. हनुवटी आत, हात वर, आणि नाकाशी पाणी. पायांमधून घ्यायचा पट्टाच त्याला नव्हता. दुसऱ्या जॅकेटाचा फोम अर्ध्या तासात पाणी प्यायला. विहिरीच्या काठावरून पाहणारी माझी आई म्हणाली, ‘त्यापेक्षा वाळलेला भोपळा बांध की पाठीला.’ तिच्या लहानपणी मुले तसेच पोहायला शिकत असत. ती दोन्ही जॅकेटे आम्ही परत केली आणि पट्ट्याची, नीट बसणारी चार घेतली. जॅकेट दुकानात नुसते अंगावर चढवून काही कळत नाही. ते अंगात घालून खोल पाण्यात हातपाय सोडून पाहावे.

पेट्रोलचा हिशेब शेजाऱ्यांनी केला. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश न ठरलेल्या गोष्टींसाठी. जेट्टीपासून कुरुमगड पाच-सहा किलोमीटरच. तरी पूर्ण जोरावर चालवले तर इंजिन तासाला चारेक लिटर पिईल असे धरून त्यांनी वीस लिटर घ्यायला लावले. प्रत्येकी चार लिटर पाणी, शिट्ट्या, दोन वल्ही, लांब दोराचा नांगर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत दोन मोबाइल, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये. उलटीची गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यायची असते. होडी डोलू लागल्यावर तिचा उपयोग नाही, हे आतेभावाने न ऐकता अनुभवाने शिकून घेतले.

हवामानाच्या बाबतीत मी शेवटपर्यंत साशंक होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अरबी समुद्र वरून शांत दिसतो. पण २००९ च्या नोव्हेंबरात फयान आणि २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार ही वादळे याच हंगामात आली होती. म्हणून निघण्याच्या आधी आठवडाभर रोज हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज मी वहीत लिहून ठेवत होतो. वाऱ्याचा आकडा सगळे पाहतात. मी लाटांमधल्या सेकंदांचाही रकाना आखला होता, कारण दुरून आलेल्या लाटा उंचीला मीटरभरच असल्या तरी त्यांच्यातले अंतर जास्त असेल तर खडकाजवळ त्या एकदम उठून फुटतात. आदल्या संध्याकाळी त्या रकान्यात चौदा सेकंद आले. मी तांडेलांना फोन केला. कुरुमगड चालेल, देवगडाला उतरायचे नाही, असे ते म्हणाले आणि आमची यादी चारावरून एकावर आली.

अष्टमीला सकाळी सातला निघालो. दांड्यावरून बाहेर पडताना तांडेल उभे राहून पाण्याचा रंग पाहत होते आणि होडी चालवणाऱ्या आपल्या मुलाला हाताने डावी-उजवी दाखवत होते. मुखाबाहेर गेल्यावर मागून येणारा वारा मानेला गार लागला. वर्गात मतलई वाऱ्यांसाठी मी फळ्यावर जो बाण काढतो, तो आज माझ्या मानेवर होता. कुरुमगडाच्या जमिनीकडच्या बाजूला पाणी सपाट होते. तिथे नांगर टाकून आम्ही वर नरसिंहाच्या देवळापर्यंत चढलो. जानेवारीतल्या जत्रेला इथे होड्यांची रांग लागते. त्या दिवशी आम्हीच होतो, आणि डोक्यावर एक पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. नैर्ऋत्येला देवगडाचा दीपस्तंभ दिसत होता आणि त्याच्या पायाशी ठरावीक अंतराने पांढरा फेस उसळत होता. आतेभावाने घड्याळ लावून मोजले. तेरा, चौदा, पुन्हा तेरा.

परतताना अर्ध्या वाटेत इंजिनाची थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बंद झाली. तांडेलांनी लगेच इंजिन थांबवले आणि मुलाने नांगर सोडला. आमच्यापैकी कुणी विचारण्याच्या आधीच होडी एका जागी उभी होती. शेजाऱ्यांनी खिशातली तार आत घालून दुधाच्या पिशवीचा एक कोपरा बाहेर काढला. दहा मिनिटे गेली. तेवढ्या वेळात वाऱ्याने पाणी चांगलेच खडबडीत केले होते, पण भरती आमच्या बाजूने होती आणि लाटा पाठीमागून येऊन होडीला हलकेच पुढे ढकलत होत्या. तीन वाजता दांड्यावर आलो तेव्हा सकाळी दिसलेली वाळू पाण्याखाली गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी नदीतून वर खारफुटीपर्यंत जायचे होते, म्हणून रात्री कारवारलाच मुक्काम होता. बहिणीने घरून निघतानाच मसाला दुधाची पूड डब्यात भरून दिली होती. मुक्कामाच्या ठिकाणी दूध तापवून घेतले आणि थर्मास घेऊन किनाऱ्यावर बसलो. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे समोर सगळा काळोख होता आणि त्यात एक देवगडचा दिवा तेवढा फिरत होता. भाच्याने पहिला पेला मला दिला आणि विचारले, ‘मामा, पुढच्या वर्षीची अष्टमी रविवारी येते काय की बघितलंस?’