तुम्ही विचारलंत म्हणून: गरिबांवर प्रयोग करताना काहीच वाटत नाही का?

मी कोणतं काम करायचे हे कळलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पिंजऱ्यातले उंदीर असतात. तसं नव्हतं हो. अतिगरीब घरांची यादी करायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्या घरांना शेळ्या, प्रशिक्षण आणि काही महिने रोख मदत द्यायची. उरलेल्यांना काही नाही. मग दोन-तीन वर्षं दोन्हीकडची घरं मोजत राहायची. फरक दिसला तर तो मदतीमुळेच, चांगल्या पावसामुळे नव्हे, असं छातीठोक सांगता येतं.

माझं उत्तर पाठ होतं. पैसे सगळ्यांना पुरत नाहीतच, मग यादी वशिल्यानं होण्यापेक्षा चिठ्ठीनं झालेली काय वाईट? वर मेक्सिकोचा दाखला. १९९७ मध्ये तिथे ‘प्रोग्रेसा’ सुरू झाली : मुलं शाळेत गेली, तपासण्या वेळेवर झाल्या, की आईच्या हातात रोख रक्कम. अभ्यासातल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी, १८६ गावांना नंतर, तेही चिठ्ठीनंच ठरवून. सरकार बदललं तरी योजना टिकली, त्याचं बरंच श्रेय या मोजणीला देतात. हे सांगितलं की समोरचा गप्प व्हायचा आणि मला बरं वाटायचं.

आता ते घर. चिठ्ठीत नाव न निघालेलं; आमच्या भाषेत कंट्रोल ग्रुप. माझी तिसरी फेरी. प्रश्नावली दोन तासांची, आणि बाईंना ती माझ्याइतकीच पाठ झालेली. मी “छपराचे पत्रे…” एवढं म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, “सहा. दोन फुटके. मागच्या वेळी एकच फुटका होता, तेही लिहा.” जनावरांच्या पानावर आलो तेव्हा शेजारणीची शेळी दारातून आत मान घालून उभी होती. आम्हीच दिलेली, कानातला बिल्ला मी ओळखला. “शेळ्या?” मी विचारलं. बाईंनी शेळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “शून्य.” मी टॅबलेटवर शून्य दाबलं. शेळीनं कोपऱ्यातल्या केरसुणीला तोंड लावलं, तिला हाकलायला बाई उठल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “ताई, तिच्या घरात आणि माझ्या घरात काय फरक होता?”

फरक नव्हता. नसावा म्हणूनच तर चिठ्ठी! पण पाहणीला जाणाऱ्या नव्या मुलांना प्रशिक्षणात मीच शिकवलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं: “निवड संगणकानं केली.”

“मग माझ्या घरात काय आहे ते त्यालाच विचारा की.”

तरी त्यांनी पुढची सगळी पानं भरून दिली. किती वेळा उपाशी झोपलात, कर्ज कोणाचं, काळजीनं झोप उडते का. सगळं.

तेव्हाची मी आज भेटली तर म्हणेल, अगं, पण निकाल बघ ना. ते खरंच आहे. २०१५ मध्ये अशाच योजनेचा सहा देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून जास्त घरं होती. मदत संपून वर्ष उलटल्यावरही मदत मिळालेली घरं थोडी वर राहिली होती. होंडुरासमध्ये घरांनी निवडलेल्या कोंबड्या रोगानं मेल्या, तिथे मालमत्ता काही वाढली नाही. हेसुद्धा मोजलं म्हणूनच कळलं. न मोजता वाटत सुटणारे तरी कुठले पुण्यवान?

यावर मी तिला चीन दाखवीन. चाळीस वर्षांत जवळपास ऐंशी कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, ते शेती, कारखाने आणि शहरांमुळे. चिठ्ठ्या टाकून नव्हे. ती म्हणेल, ते कारखाने येईपर्यंत त्या बाईंनी काय करायचं? इथे मी अडते.

एक गोष्ट मात्र मी त्या उत्तरात कधी घातली नाही. मुलाखतीआधी संमतीपत्र वाचून दाखवावं लागतं: सहभाग ऐच्छिक आहे, केव्हाही थांबू शकता. त्या दिवशी बाईंनी विचारलं होतं, “नाही म्हटलं तर पुढच्या यादीतून नाव जाईल का?” मी म्हणाले, “छे, त्याचा काही संबंध नाही.” नियमाप्रमाणे खरंच नव्हता. त्यांनी मान हलवली, अंगठा पुढे केला आणि माझ्यासाठी चटई झटकून अंथरली. त्या मान हलवण्याला मी संमती म्हणून नोंदवलं.

पुढची यादी झालीच नाही. निधी संपला होता आणि हे मला त्या फेरीच्या आधीच कळलं होतं.