पोराचे डोळे खाली जात नव्हते

मुलगा आता 9 वर्षांचा आहे, त्याच्या आजाराचं नाव कळायलाच आमची 2 वर्षं गेली म्हणून लिहितेय. जन्मल्यावर कावीळ लवकर उतरली नव्हती, नंतर सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसली, पण पोरगं खेळतंय म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पहिलीत गेल्यावर जिना उतरताना पडायला लागला. एकदा सांगलीत कृष्णेच्या घाटावर गेलो तर उतरताना हनुवटी छातीला टेकवून एकेक पायरी शोधत होता, आणि जोरात हसला की गुडघेच गळायचे, मटकन खाली बसायचा. एका ठिकाणी अशक्तपणा म्हणाले, दुसरीकडे चष्मा दिला.

मिरजेत न्यूरोच्या डॉक्टरांनी नुसता पेन धरला समोर, मान हलवू नको म्हणाले आणि पेन हळूहळू खाली नेला. डोळे तिथंच! डावीकडे उजवीकडे जात होते, खाली नाहीच. मी रोज बघत होते ओ हे.

नीमन-पिक टाइप सी, हे त्या आजाराचं नाव. कोलेस्टेरॉलचं नाव निघाल्यावर आत्या (माझ्या सासूबाई म्हणजे सख्खी आत्याच) लगेच तूप बंद करूया म्हणाली, तर डॉक्टर म्हणाले आजी, रक्तातलं नॉर्मल आहे, अडकलंय ते पेशीच्या आत. पेशीत लायसोसोम नावाची पिशवी असते, तिथं एनपीसी 2 हे प्रोटीन कोलेस्टेरॉल उचलून पिशवीच्या भिंतीतल्या एनपीसी 1 कडे देतं आणि तिथून ते बाहेर पडतं, याचं एनपीसी 1 च बिघडलंय. आमचे हे साखर कारखान्यात काट्यावर असतात, ते म्हणाले म्हणजे अड्ड्यात उसाच्या गाड्या तुंबल्यात आणि गव्हाण (ऊस आत टाकायची जागा) बंद. डॉक्टर म्हणाले अगदी तसंच, वर पेशीला वाटतं ऊस आलाच नाही, ती अजून मागवत राहते.

मग जीन टेस्ट, रिपोर्टला 5 आठवडे, ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. आम्ही दोघंही वाहक निघालो, म्हणजे बिघडलेला जीन आमच्यात आहे पण आजार नाही, आणि मुलाला आजार व्हायची दर वेळी 25 टक्के शक्यता. नात्यात लग्न असेल तर हे आधी विचारून घ्या, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मिग्लुस्टॅट नावाचं औषध चालू आहे, त्यानं आजार बरा होत नाही, वेग कमी होतो. सुरुवातीला जुलाब फार झाले, दूध-साखर कमी केल्यावर थांबले. हसताना पडायचं त्याची गोळी वेगळी आहे. परवा कार्टून बघून खदखदून हसत सुटला, आत्या सवयीनं उशी घेऊन शेजारी बसली होती, पण तो बसल्या जागी नीट बसून राहिला.