ज्या दोराची नोंद राहून गेली

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. जे लिहायचं होतं ते सदतीस वर्षं माझ्याकडे पडून आहे.

मी १९९० च्या दहावीच्या तुकडीचा. आमच्या वेळी शाळेत नळ नव्हता. मैदानाच्या खालच्या अंगाला दगडी विहीर होती, तिला रहाट होता आणि पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण व्हरांड्यात असत. ते भरायची पाळी मुलींकडे. आज हे लिहितानाही खटकतं, पण तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शाळेचा दोर कधीच तुटून गेला होता, म्हणून जिची पाळी असेल ती घरून दोर घेऊन यायची. दप्तर एका खांद्याला आणि दोराचं वेटोळं दुसऱ्या, अशा मुली मला अजून दिसतात.

आम्हा मुलांसाठी स्काउटचं पथक होतं. मुलींसाठी गाइडचं नव्हतं. शनिवारी सकाळी स्काउटचे सर आम्हाला लाठी, गाठी आणि प्रथमोपचार शिकवत. गाठींमध्ये त्यांचा सगळा जोर 'बोलाइन'वर असे. या गाठीचा फेरा ओढला तरी आवळत नाही, म्हणून माणसाला वर काढायचं तर हीच गाठ, असं ते पुन्हा पुन्हा सांगत. आम्ही ती मैदानावर बसून एकमेकांच्या कमरेला बांधत असू.

हेच सर २६ जानेवारीच्या आधी पेपरातल्या शौर्य पुरस्काराच्या बातम्या परिपाठात वाचून दाखवत. हा पुरस्कार सुरू कसा झाला, ती हरीशचंद्र मेहराची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. २ ऑक्टोबर १९५७, दिल्लीचं रामलीला मैदान. रामलीलेला पंडित नेहरू आलेले. शामियान्याला आग लागली. चौदा वर्षांचा स्काउट हरीशचंद्र खांबावर चढला आणि आपल्या चाकूने पेटतं कापड कापून त्याने आग पसरू दिली नाही. त्यानंतर भारतीय बालकल्याण परिषदेने मुलांच्या धाडसाचा दरवर्षी गौरव करायचं ठरवलं. सर सांगत, 'त्याच्याकडे चाकू होता आणि तो कसा वापरायचा हे त्याला माहीत होतं.' आम्हाला मात्र त्यातला फक्त खांब दिसायचा, आणि त्यावर चढलेला मुलगा. दिल्लीच्या गीता आणि संजय चोप्रा या भावंडांची गोष्टही सर सांगत. १९७८ साली अपहरण करणाऱ्यांशी ती दोघं शेवटपर्यंत झुंजली, पुढे त्यांच्या नावाचे पुरस्कार दिले जाऊ लागले. ही गोष्ट सांगताना सरांचा आवाज बसायचा.

१९८८ ची दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली होती. मी नववीत. मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा चेंडू बघायला काठावरून वाकला आणि आत गेला. पावसाळा चांगला झालेला, पाणी काठापासून दोन माणसांच्या उंचीएवढं खाली. मी तेव्हा विहिरीपासून वीसेक पावलांवर होतो. आवाज एकच झाला, पाण्यात पडल्याचा. त्यानंतर काही नाही. बुडणारा माणूस 'वाचवा, वाचवा' ओरडतो अशी माझी समजूत होती. तो पोर ओरडत नव्हता. हात पाण्यावर आपटत होता, तोंड वर यायचं, लगेच खाली जायचं. श्वासच पुरत नसतो तिथे आवाज कुठून निघणार, हे मला फार नंतर कळलं.

दहावीतला एक मुलगा धावत आला आणि गणवेशासकट उडी टाकली. तो नदीकाठच्या वस्तीवरचा, पट्टीचा पोहणारा. उडी टाकायला त्याने क्षणाचाही विचार केला नाही आणि ते धाडस मी आज तसूभरही कमी करत नाही. पण लहानग्याने त्याच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. दोघे एकदा खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. काठावर आम्ही पंधरावीस मुलं. सगळे स्काउट. सगळ्यांना बोलाइन येत होती. आम्ही नुसते ओरडत होतो.

रहाटापाशी माझ्या वर्गातली एक मुलगी होती. त्या दिवशी पाणी भरायची पाळी तिची. तिला पोहता येत नव्हतं. तिने बादली सोडून बाजूला ठेवली, दोराच्या टोकाला गाठ मारली आणि तो फेरा बरोब्बर त्या दोघांच्या मध्ये सोडला. वरून ती एकच गोष्ट ओरडत राहिली, 'हात घाल, आत हात घाल!' दहावीतल्या मुलाने कसाबसा एक हात त्यात घातला, मग बगल. तोवर तिने दुसऱ्या टोकाकडचा दोर रहाटाच्या दगडी खांबाला एक वेढा देऊन धरला होता. दोघांचं ओझं त्या वेढ्यावर आलं, तिच्या हातांवर नाही. ती जागची हलली नाही. मग आम्हाला जाग आली. आम्ही दोर ओढला आणि दोघे पायऱ्यांच्या कडेला लागले.

लहानग्याला वर आणल्यावर मोठ्या माणसांनी त्याला उलटं धरून पोट दाबलं. तेव्हाची तीच पद्धत. तो खोकला, उलटी झाली, रडायला लागला, म्हणून निभावलं. स्मरणिका आजच्या मुलांच्याही हाती जाईल, तेव्हा सांगून ठेवतो: उलटं धरण्यात, गरगर फिरवण्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू आहे का ते आधी बघायचं. नसेल तर आडवं झोपवून, डोकं मागे कलवून तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायला लागायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगायचं. आणि कुणी बुडताना दिसलं तर आधी हाताशी काय आहे ते बघायचं. दोर, बांबू, साडी, ओढणी, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब, रिकामा कॅन. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी.

गाठीचं मी तिला दुसऱ्या दिवशी विचारलं. 'बोलाइन तुला कुणी शिकवली?' तिला तो शब्दच माहीत नव्हता. ती म्हणाली, 'वासराच्या गळ्यात दावं बांधताना अशीच मारत्यात. न्हाई तर वासराला फास बसंल की.'

२६ जानेवारी १९८९ ला झेंडावंदनानंतर उडी टाकणाऱ्या मुलाचा सत्कार झाला. प्रशस्तिपत्र आणि शब्दकोश. टाळ्या बराच वेळ चालल्या आणि त्या त्याच्या हक्काच्या होत्या. शाळेने शौर्य पुरस्कारासाठी प्रस्तावही लिहिला. प्रस्तावात एक नाव होतं. भाषणात दोराचा उल्लेख आला तो 'तेवढ्यात कुणीतरी दोर टाकला' असा. ती मुलींच्या रांगेत तिसरी किंवा चौथी उभी होती. मी मुलांच्या रांगेत. मला हात वर करता आला असता, सरांना नंतर सांगता आलं असतं. मी काहीच केलं नाही. प्रस्तावाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही आणि हळूहळू विहिरीची गोष्ट म्हणजे उडीची गोष्ट, असं होऊन गेलं.

ती आठवण मला पुन्हा नीट टोचली ती जानेवारी २०१८ मध्ये. राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्काराच्या यादीत आपल्या नांदेड जिल्ह्याचं नाव होतं: अर्धापूर तालुक्यातल्या पार्डीचा नदाफ एजाज अब्दुल रऊफ. आदल्या उन्हाळ्यात चार मुली पाण्यात बुडत होत्या, त्यातल्या दोघींना त्याने बाहेर काढलं. दोघी गेल्या. पुरस्कार घेताना त्या पोराच्या मनात काय असेल, हा विचार माझी पाठ सोडत नव्हता. २०२१ मध्ये पुन्हा आपलाच जिल्हा. कंधार तालुक्यातल्या घोडजच्या कामेश्वर वाघमारे याने नदीत बुडणाऱ्या दोन मुलांना वाचवलं आणि त्याला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. तीन-चार वर्षांत एकाच जिल्ह्यातली दोन मुलं, दोघेही पाण्यात उतरलेले. मला अभिमान वाटला आणि भीतीही. कारण नागपूरचा गौरव सहस्रबुद्धे मी विसरलो नव्हतो. अंबाझरी तलावात चार मित्रांना वाचवताना तो स्वतः गेला आणि त्याचा शौर्याचा 'भारत पुरस्कार' त्याच्या माघारी जाहीर झाला. ज्या मुलाचा सत्कार करायचा तो मंचावर चालत यावा, एवढीच माझी इच्छा असते.

म्हणून या याद्यांमध्ये मी आता दुसऱ्या प्रकारची नावं शोधतो. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने शेजाऱ्यांना ओल्या सुती कापडातून श्वास घ्यायला लावलं. सतरा जण वाचले. शाळेत शिकलेलं तिला त्या धुरात आठवलं होतं. जळगावच्या शिवांगी काळेने आई आणि बहिणीला विजेचा धक्का बसताना पाहिलं. त्यांना हात लावण्याऐवजी तिने आधी विजेचं बटण बंद केलं. २०२२ च्या बाल पुरस्कारांमध्ये तिचं नाव होतं. या दोघींची बातमी वाचताना मला रहाटाचा खांब आणि त्याला दिलेला तो एक वेढा आठवला. अशा मुलींना शौर्याच्याच पुरस्काराने गौरवलं गेलं, याचं मला मनापासून समाधान आहे. आमच्या वर्गातली मात्र राहिली.

स्मरणिका समितीला माझी विनंती आहे. शाळेच्या जुन्या अहवालात त्या सत्काराची नोंद आहे. तिच्या शेजारी आता आणखी एक ओळ लिहावी. नाव मी समितीला वेगळं कळवलं आहे. इथे ते छापू नये, असं तिचंच म्हणणं आहे. शिवाय विहिरीला आता जाळी आहे, पण गावाच्या तलावावर पोरं पोहायला जातातच. तिथे खांबाला एक दोर, टोकाला न आवळणारा फेरा आणि एक फुगवलेली ट्यूब टांगून ठेवावी. खर्च मी देतो. आणि ती गाठ मुलामुलींना, दोघांनाही, शिकवावी.

हे लिहिण्याआधी मी तिला भेटायला गेलो होतो. परभणीकडच्या एका गावात असते, सून-नातवंडं आहेत. मी काय लिहिणार ते सांगितलं तर म्हणाली, 'कशाला जुनं उकरायलास?' चहा झाला. मी विचारलं, त्या दिवशी घरी सांगितलं होतंस का? तिने मान हलवली. घरी गेल्या गेल्या आईने खांद्यावरचा दोर हातात घेतला होता. खांबाला घासून त्याचे पदर निघाले होते. आई म्हणाली होती, 'नवा दोर हाय की गं, पीळ कसा सुटला ह्येचा?'

तिने सांगितलं होतं, विहिरीच्या दगडाला घासला.